फिरती पेटी : बडोद्यातील एका जिओकॅशच्या नोंदी

२ जून २०२४

बडोद्यात स्वतःच्या दोन जिओकॅश, म्हणजे अक्षांश-रेखांश जाहीर करून इतरांनी शोधण्यासाठी ठेवायच्या डब्या, लपवण्याचे आज निश्चित केले आणि त्यासाठी ही वही सुरू केली. गेली चार वर्षे मी इतरांनी लपवलेल्या डब्या शोधत आले आहे. परगावी गेले की काम आटोपल्यावर फोनवरचा नकाशा उघडायचा, दिलेल्या अक्षांश-रेखांशांच्या रोखाने चालत जायचे, डबी सापडली की आतल्या नोंदवहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची, एवढाच या छंदाचा ऐवज आहे. लपवणाऱ्याची बाजू मात्र निराळी असते. शोधणाऱ्याची चूक त्याच्या एका संध्याकाळीपुरती राहते, पण लपवणाऱ्याची चूक नंतर येणाऱ्या प्रत्येकाला भोवते.

छंदाचा उगम नोंदवून ठेवते, कारण घरी हा प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला स्वतःची जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकीची दिसत असे. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत वही होती, पेन्सिल होती, काही किरकोळ वस्तू होत्या आणि बीन्सचा एक डबाही होता. आजच्या नियमांत ती बादली बसली नसती, कारण परवानगीशिवाय जमीन खणता येत नाही आणि खाद्यपदार्थ आत ठेवता येत नाहीत.

माझी पहिली डबी जुन्या शहरात, दांडिया बाजाराच्या बाजूला असेल आणि दुसरी विश्वामित्री नदीच्या काठच्या भागात.

९ जून २०२४

लपवण्यापूर्वी शोधणाऱ्याच्या नजरेने शहर पाहावे, म्हणून आज एका बागेतील जिओकॅश (आम्ही नुसते ‘कॅश’ म्हणतो) शोधायला गेले. नोंदीप्रमाणे डबी एका बाकामागच्या कुंपणात होती. पंधरा मिनिटे मी बाकाखाली, कुंपणाच्या बुंध्यांत आणि दगडांच्या फटींत हात घालत होते. माझ्या लेखी मी अगदी सहजपणे वावरत होते. वास्तविक पाहता, चाळिशीतली एक बाई बागेत गुडघ्यांवर बसून झुडपे चाचपते आहे हे दृश्य बागेतल्या प्रत्येकाने केव्हाच टिपलेले होते.

“शुं खोवायुं, बेन?” वॉचमनने विचारले.

या छंदात अशा वेळी देण्याची ठरलेली उत्तरे आहेत. त्यांतले सर्वांत वापरून झिजलेले उत्तर मी दिले आणि चावी पडल्याचे सांगितले. त्या भल्या माणसाने काठी बाजूला ठेवली, माळ्याला हाक मारली आणि ते दोघेही माझ्याबरोबर वाकून चावी शोधू लागले. वाकताना माझ्या पर्समधली चावी किणकिणत होती. पाच मिनिटांनी मला ते असह्य झाले आणि मी खरे काय ते सांगून टाकले.

माळ्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की, हिवाळ्यात कुंपण छाटताना अशी एक डबी निघाली होती. आत कागदाची गुंडाळी होती, तिला दोरा बांधलेला होता आणि कागदावर एकाखाली एक परक्या माणसांची नावे नि तारखा लिहिलेल्या होत्या. कोणीतरी करणी केली असावी असे त्याला वाटले, म्हणून त्याने ती हात न लावता फावड्याने उचलली आणि नदीत सोडून दिली.

घरी येताना मला हसू येत होते, पण माळ्याचे काही चुकले असे मला म्हणवत नाही. नोंदवहीची गुंडाळी त्याच्या जागेवरून पाहिली तर ती करणीच दिसते. हा छंद नसलेल्या माणसाला आमच्यात ‘मगल’ म्हणतात आणि मगलाच्या नजरेस न पडता डबी काढावी व ठेवावी असा शिरस्ता आहे. त्या माळ्याला मात्र डबी ठेवणाऱ्याने आधी दोन वाक्ये सांगितली असती, तर ती आज कुंपणात असती. लपवायचे ते नेमके कोणापासून, हे आधी ठरवले पाहिजे.

२३ जून २०२४

जागा ठरवण्यात दोन आठवडे गेले. नियम थोडे आहेत पण काटेकोर आहेत. डबी ज्याच्या जागेत असेल त्याची परवानगी हवी आणि दुसऱ्या कोणत्याही डबीपासून ती किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल दूर हवी. रावपुऱ्याच्या परिसरात तांबेकर वाड्यासारखी संरक्षित वास्तू आहे. तिच्या भिंतींवरची चित्रे पाहायला मी कोणालाही आनंदाने घेऊन जाईन, पण अशा ठिकाणी एखाद्या उत्साही शोधकाने विटा चाचपाव्यात अशी परिस्थिती निर्माण करणे मला मान्य नाही. सार्वजनिक जागेसाठी एका कार्यालयात विचारणा केली. तिथे तीन टेबले फिरल्यावर ‘यासाठी नमुना नाही’ असे उत्तर मिळाले. नमुना नसलेली गोष्ट नाकारताही येत नाही आणि मंजूरही करता येत नाही, त्यामुळे तो मार्ग सोडला.

अखेर आत्याच्या वाड्याचा विचार केला. रस्त्याकडील ओट्यावर, दाराच्या चौकटीशेजारी, पूर्वी संध्याकाळी पणती ठेवण्यासाठी असलेला एक खोल कोनाडा आहे. वीज आल्यापासून तो रिकामाच आहे. कोनाड्याच्या मागच्या बाजूस त्याच सागवानी रंगाची एक फळी उभी केली, तर फळीमागे अर्धा लिटरचा डबा मावतो.

आतोबांनी सर्व योजना ऐकून घेतली आणि चष्मा काढून पुसला.

“म्हणजे डबा आम्ही सांभाळायचा आणि सापडला म्हणून आनंद दुसऱ्याने मानायचा?”

“हो, आतोबा.”

“मग लॉकरचं भाडं किती देणार?”

आत्याचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. “अगं, रात्री-अपरात्री कोणी दाराशी वाकलेलं दिसलं तर मी आधी आरडाओरडा करणार आणि मग विचारणार, हे तुझ्या लोकांना सांगून ठेव.” त्यामुळे सकाळी ७ ते रात्री ८ हीच वेळ राहील, असे खेळाच्या संकेतस्थळावरील माहितीत पहिल्या ओळीत लिहायचे ठरले.

कॅशचे नाव ‘फिरती पेटी’ ठेवावे असे सुचले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यात आणून सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवण्याची सोय होती. एका जागेचे पुस्तक दुसऱ्या जागी जावे आणि वाचून पुढे सरकावे, हा विचार डबीतली एक वस्तू घेऊन तिच्या जागी आपली ठेवण्याच्या आमच्या देवाणघेवाणीशी इतका जुळतो, की खेळणी नि चावीच्या साखळ्या यांऐवजी आत केवळ खिशात मावणारी पुस्तके आणि पुस्तकखुणा ठेवाव्यात असे मी निश्चित केले.

३० जून २०२४

डब्यांची चाचणी. पाऊस सुरू झाला आहे, त्यामुळे तिला आणखी उशीर करणे योग्य नव्हते.

चार पात्रे घेतली. एक स्टीलचा कडीचा डबा, एक चारही बाजूंनी खटके असलेला प्लॅस्टिकचा डबा, जुन्या कॅमेऱ्याच्या रोळाची एक डबी आणि एक प्रीफॉर्म. प्रीफॉर्म म्हणजे थंड पेयाची बाटली फुगवण्यापूर्वीची जाड नळी. ती परीक्षानळीसारखी दिसते, तिला बाटलीचेच झाकण बसते आणि कारखान्यात काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे मागितली तर ती मूठभर मिळते. प्रत्येकात घडी घातलेला कोरडा टिश्यू कागद ठेवला, सगळी पात्रे बादलीत घातली, ती तरंगू नयेत म्हणून वर ताट आणि ताटावर वरवंटा ठेवला आणि रात्रभर बादली मोरीत राहू दिली. सकाळी भांडी घासायला आलेल्या मावशींनी वरवंटा बुडवलेला पाहून काहीही विचारले नाही. त्यांना माझी सवय आहे.

रोळाची डबी पाण्याने भरली होती. ही डबी जगभर सर्रास वापरली जाते आणि ओल्या नोंदवहीच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तिच्यातच असावे असे माझे मत झाले आहे. स्टीलच्या डब्यात कागदाची एक कड ओली होती. खटक्यांचा डबा आणि प्रीफॉर्म मात्र पूर्ण कोरडे निघाले.

त्यावर समाधान मानून मी खटक्यांचा डबा वहीसकट बंद करून गच्चीत ठेवला आणि दोन दिवसांनी उघडला, तेव्हा झाकणाच्या आतून बारीक दवाचे थेंब लोंबत होते. पाणी बाहेरून आलेच नव्हते. भर दमट दुपारी डबा बंद करताना मीच ओलसर हवा आत कोंडली होती आणि रात्री डबा निवल्यावर तिचे पाणी झाले. म्हणजे जो डबा पाणी आत येऊ देत नाही तो ते बाहेरही जाऊ देत नाही. आता वही आधी तांदळाच्या डब्याशेजारी दोन दिवस सुकवायची, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह खटक्याच्या पिशवीत घालायची आणि ती पिशवी कोरड्या सकाळी डब्यात बंद करायची. शाईचे पेन ठेवायचे नाही. ओल्या कागदावर पेन्सिल चालते आणि लिहिलेले पसरत नाही.

१४ जुलै २०२४

अक्षांश-रेखांशांची मोजणी पूर्ण झाली. या खेळात अंश आणि दशांश मिनिटे अशी पद्धत वापरतात आणि मिनिटाचे तीन दशांश देतात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर. बडोद्याच्या २२.३ अंशांवर अक्षवृत्ताचा घेर विषुववृत्तापेक्षा कमी भरतो, म्हणून तिथे रेखांशाचा तोच भाग सुमारे १.७ मीटर होतो.

मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. गच्चीवर चार वेळा मोजले, तेव्हा शेवटचे अंक तीनच्या फरकात राहिले. वाड्याच्या गल्लीत मात्र चार वेगवेगळ्या दिवशी अक्षांशाचे शेवटचे तीन अंक ४१२, ४१८, ४०९ आणि ४२१ असे आले. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांत बारा भागांचे अंतर आहे, म्हणजे जवळजवळ २२ मीटर, आणि तेवढ्यात आत्याचा वाडा, शेजारचा वाडा आणि समोरचा पानाचा गल्ला अशा तिन्ही जागा येतात. उपग्रहाचा संकेत उंच भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, यंत्र त्या उशिरालाच अंतर समजते आणि माणूस समोरच्या ओट्यावर जाऊन उभा राहतो. वडाच्या उदरात वसलेले म्हणून या शहराला वटोदर म्हणत, असे सांगतात. झाडाच्या दाट छायेतही असाच गोंधळ होतो, त्यामुळे बडोद्याच्या नावातच आमच्या छंदाची अडचण दडलेली आहे असे म्हणायला हरकत नाही.

सरासरी ४१५ येते. ती घेऊन दुसऱ्या फोनवर, गल्लीच्या दोन्ही टोकांकडून चालत येऊन पडताळणी केली. एकदा ओट्यापासून चार मीटरवर थांबले आणि एकदा सात मीटरवर. या गल्लीत याहून चांगले शक्य नाही, म्हणून उरलेले अंतर सूचनेने भरून काढायचे. सूचना अशी लिहिली : ‘दिवेलागणीला पूर्वी इथे उजेड असे.’

२८ जुलै २०२४

डब्याची माहिती परीक्षणासाठी संकेतस्थळाकडे पाठवली होती. हे परीक्षक स्वयंसेवकच असतात. त्यांनी जागेच्या मालकाची परवानगी कशी घेतली, डबा खासगी भिंतीच्या आत आहे की बाहेर आणि शोधणाऱ्याला घरात शिरावे तर लागणार नाही ना, असे तीन प्रश्न विचारले. प्रश्न रास्त होते. उत्तरे दिल्यावर मंजुरी आली.

प्रसिद्ध होण्यापूर्वी दोन कामे केली. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना आपल्याकडे प्रत्येक स्थानकावर दिवसभर ऐकू येते आणि ती योग्यच आहे. म्हणून डबा पारदर्शकच ठेवला. त्याच्या झाकणावर गुजराती, मराठी आणि इंग्रजीत ‘हा शोधखेळाचा डबा आहे, यात फक्त पुस्तके आणि वही आहे, घरमालकांना माहीत आहे’ असे लिहून चिकटवले. वहीच्या पहिल्या पानावर खेळ काय आहे ते चार ओळींत गुजरातीत लिहिले आणि गुंडाळीचा दोरा काढून टाकला.

दुसरे काम आतोबांनी स्वतः अंगावर घेतले. समोरचा पानवाला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि शेजारच्या वाड्यातल्या आजी अशा तिघांना ते मला घेऊन भेटले आणि ‘आमच्या भाचीचा एक सरकारमान्य खेळ आहे’ अशी ओळख करून दिली. सरकारमान्य हा शब्द मी बाहेर आल्यावर दुरुस्त करायला सुचवला. त्यांच्या मते त्या शब्दाने काम लवकर होते.

११ ऑगस्ट २०२४

दुसरी डबी ठेवली. एका मैत्रिणीच्या सोसायटीची मागची भिंत विश्वामित्रीच्या बाजूला आहे आणि समितीने लेखी संमती दिली आहे. प्रीफॉर्मला हिरवा-तपकिरी रंग देऊन तो भिंतीलगतच्या कडुनिंबाच्या फांदीला तारेने बांधला. भिंतीवर २०१९ च्या पुराची मळकट रेघ अजून दिसते. तिच्या वर एक हात उंची ठेवली.

शोधणाऱ्याने भिंतीपलीकडे उतरू नये, हे तीन वेळा लिहिले आहे. या नदीत मगरी आहेत आणि त्या शहराच्या मधोमध, सयाजीबागेजवळून जाणाऱ्या पात्रातही राहतात. इतर शहरांत कॅश लपवणाऱ्याने मगलांची काळजी घ्यायची असते. बडोद्यात मगलांबरोबर मगरींचीही घ्यावी लागते.

१ सप्टेंबर २०२४

गेल्या आठवड्यात विश्वामित्रीने २५ फुटांची पातळी मागे टाकली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. दोन दिवस वीज नव्हती. आत्याच्या वाड्याचे जोते उंच असल्याने पाणी ओट्याखालच्या दुसऱ्या पायरीवर थांबले. मैत्रिणीच्या सोसायटीत तळमजल्याच्या घरांत ते शिरले आणि ओसरताना वाहनतळात एक मगर मागे राहिली, जी बचावपथकाने येऊन नेली. अशा दिवसांत डबीची आठवण काढणेही मला प्रशस्त वाटले नाही.

आज चिखल काढायच्या कामाला गेले, तेव्हा कडुनिंबाजवळही जाऊन आले. फांदीवर तार होती, प्रीफॉर्म नव्हता. नवी रेघ जुन्या रेघेच्या कितीतरी वर आहे. मी २०१९ ची रेघ हीच शेवटची धरली, ही चूक सर्वस्वी माझी आहे. नदीने एकदा गाठलेली उंची हा मागचा हिशेब असतो आणि मी तो पुढच्यासाठी वापरला. माझ्या मोरीतल्या चाचणीने सिद्ध केले होते की ती नळी बुडवूनही कोरडी राहते. म्हणजे ती अजूनही कुठेतरी तरंगत असेल आणि नदीतल्या प्लॅस्टिकमध्ये माझी भर पडली आहे.

ती कॅश कायमची बंद केली. त्या जागी पुन्हा डबी ठेवणार नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत अडकलेला कचरा उपसून पाच पोती भरली, पण त्यातही ती सापडली नाही.

२० ऑक्टोबर २०२४

‘फिरत्या पेटी’चा पहिला शोध लागला. मुंबईहून आलेली एक आई आणि तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मी तिथे नव्हते. आत्याने फोनवर सगळा वृत्तांत दिला. त्यांचा फोन त्यांना थेट पानवाल्यासमोर घेऊन गेला. त्याने त्यांना हातातल्या फोनकडे पाहत गोल फिरताना पाहिले आणि काही न विचारता बोटाने पलीकडचा कोनाडा दाखवला. मुलाला फळी सरकवायला मिळाली, त्याने स्वतःचे नाव पेन्सिलने लिहिले आणि एक बोधकथांचे पुस्तक घेऊन त्या जागी चित्रकथेचे ठेवले. मग आत्याने त्यांना आत बोलावून चहा आणि चकल्या दिल्या. चकल्या दिवाळीच्या होत्या, पण नमुना म्हणून आधी तळलेल्या.

संकेतस्थळावरील त्यांच्या नोंदीत चहाचा उल्लेख आहे. तो पुढच्या लोकांच्या अपेक्षा वाढवील, अशी मला भीती वाटते. आत्याला तशी भीती वाटत नाही.

१९ जानेवारी २०२५

देखभालीची फेरी. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी गल्लीतले सगळे पतंगांसाठी गच्चीवर होते आणि खाली कोणीच नव्हते, त्यामुळे डबा जागेवर आहे की नाही ते पाहायला आज गेले. डबा आहे, वही कोरडी आहे, सिलिकाच्या पुड्या बदलल्या. कोनाड्यात तुटलेल्या मांज्याचा गुंता पडला होता, तो काढला, कारण अंधाऱ्या जागेत हात घालणाऱ्याचे बोट त्याने कापले असते. एक पुस्तक कमी आहे आणि त्याच्या मोबदल्यात बसचे तिकीट आहे. हे चालायचेच.

नोंदवहीत आतापर्यंत नऊ नावे आहेत. त्यांपैकी पाच बाहेरगावच्या शोधकांची आहेत. सहावे आतोबांचे आहे, तारखेसह, आणि सातवे इस्त्रीवाल्याचे. शेजारच्या आजींनी सही केली आहे आणि खाली ‘जय श्रीकृष्ण’ लिहिले आहे. नववे नाव मला वाचता आले नाही. ते शाईने लिहिले आहे आणि पसरले आहे.

पाचही शोधकांच्या नोंदी मी पुन्हा वाचल्या. एकालाही दोन मिनिटांहून अधिक वेळ लागलेला नाही. एकाला पानवाल्याने वाट दाखवली, दोघांना इस्त्रीवाल्याने, आणि एकाला आजींनी खिडकीतून ‘थोडं डावीकडे, अजून डावीकडे’ असे सांगत कोनाड्यापर्यंत नेले. जूनमध्ये मी शोधण्याच्या कठीणतेचा अंक ५ पैकी २.५ ठरवला होता, आणि गल्लीतल्या भिंतींचा विचार करता तो बरोबरही होता. आज तो बदलून १.५ केला आणि बदलाचे कारण म्हणून ‘स्थानिक परिस्थिती’ असे लिहिले.